छापलेल्या देवाचं विसर्जन

चिवड्याच्या पाकिटावर देवी छापावी की नाही, हा प्रश्न आमच्या स्टुडिओत दर थोड्या दिवसांनी येतोच. कधी चिवडा असतो, कधी पापड, कधी अगरबत्ती, आणि लग्नसराईत पत्रिकांवरचे गणपती. नाशकात आमचा तिघांचा छोटा स्टुडिओ आहे. लोगो, लेबलं, पाकिटं, दुकानाचे बोर्ड, पत्रिका ही रोजची कामं. क्लायंट म्हणतो, "ताई, वर देव पाहिजेच." देव काढायला मला मनापासून आवडतं. पण पाकीट फोडल्यावर ते कुठे जाणार हे ठाऊक असतं, आणि तिथे हात अडतो.

शास्त्राच्या अंगाने बघितलं तर उत्तर सोपं आहे. भाद्रपदात आणलेली पार्थिव मूर्ती प्राणप्रतिष्ठेआधी माती असते आणि उत्तरपूजेनंतर पुन्हा माती होते. मधला काळ तेवढा देवाचा. छापील चित्राला आवाहन नाही, विसर्जनही नाही; तेव्हा तो कागदच, असं एका गुरुजींनी मला शांतपणे समजावून सांगितलं. मला ते पटत नाही. तो नुसता कागद असता, तर जुनं कॅलेंडर फाडताना लोकांचा जीव वरखाली झाला नसता. गोदेच्या काठी, पिंपळाच्या पारावर लोक जुन्या तसबिरी आणून ठेवतात. काच तडकलेला दत्त, पाणी शिरून डागाळलेली लक्ष्मी. कुणी मंत्र म्हणून त्यांच्यात प्राण घातले नव्हते, तरी त्यांना कचऱ्यात टाकवत नाही. रोज सकाळी उदबत्ती ओवाळता ओवाळता त्या घराने स्वतःच आवाहन केलेलं असतं. विसर्जनाची सोय मात्र छपाईने कधी केलीच नाही.

म्हणून देव छापूच नये, असंही मी म्हणणार नाही. राजा रविवर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. दगडावर एकेका रंगाची आकृती उतरवून तिथून लक्ष्मी-सरस्वती निघाल्या आणि साध्या घरांच्या भिंतींवर जाऊन बसल्या. याचं मोल नाशिककरांना वेगळं सांगायला नको. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली इथे काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, काही वर्षं चालला, आणि तरीही दारं उघडली नाहीत. गाभारा ज्यांना नाकारला गेला त्यांच्या घरीही कागदावरचा देव जाऊ शकत होता, कारण त्याच्या वाटेत पुजारी उभा नव्हता. छपाईने केलेलं हे फार मोठं पुण्यकर्म आहे असं मी मानते. मात्र त्याच वाटेने देव साबणाच्या वेष्टनावर आणि फटाक्यांच्या खोक्यावरही पोचला. घरी पोचलेला देव आणि फटाक्याबरोबर चिंध्या होणारा देव, दोन्ही एकाच मशिनीतून निघतात.

इथे विसोबा खेचरांची गोष्ट हमखास पुढे केली जाते. औंढा नागनाथला ते पिंडीवर पाय ठेवून पडलेले दिसतात. नामदेव संतापतात, तेव्हा विसोबा म्हणतात, जिथे देव नाही तिथे माझे पाय उचलून ठेव. नामदेवांना तशी जागा सापडत नाही. मग गटारातल्या पाकिटावर देव असला तर बिघडलं कुठे? माझ्या मते ही गोष्ट आपण सोयीने वापरतो. विसोबांना सगळीकडे देव दिसत होता, म्हणून पिंडी आणि जमीन यांत त्यांना भेद नव्हता. पाकीट रस्त्यावर टाकणाऱ्याला कुठेच देव दिसत नसतो. दोघांचे पाय एकाच जागी असतील, पण दृष्टी एक नाही. विसोबांच्या दृष्टीला पोचलेला माणूस कचरासुद्धा असा फेकणार नाही.

अंबडच्या एका प्रेसमध्ये मी जॉब पास करायला जाते. चार रंग एकमेकांवर नीट बसेपर्यंत सुरुवातीचे शीट वायाच जातात. पिवळा सरकलेला असतो, काळी रेघ बाजूला पडलेली, देवीच्या चेहऱ्यावर डोळ्यांच्या दोन जोड्या उमटलेल्या. हे वेस्टेज मशिनीखाली तेल टिपायला अंथरतात आणि दिवसभर त्यावरून सगळे ये-जा करतात. तिथला जुना ऑपरेटर मात्र असा शीट अंथरण्याआधी उलटा करतो, कोरी बाजू वर. खंडेनवमीला तो मशिनीला झेंडूची माळ घालतो, फीडरला कुंकू लावतो. पण त्या एका दिवसापेक्षा वर्षभराचं हे शीट उलटं करणं मला मोठी पूजा वाटते. मी कारण विचारलं तर म्हणाला, "डोळे वर बघत असतात ना, ताई."

तेव्हापासून माझी रेघ तिथेच आहे. आपण दर्शन घेतो तेव्हा समोरूनही कुणीतरी आपल्याकडे बघतं, अशी आपली श्रद्धा आहे. पेणच्या कारखान्यांत गणपतीच्या डोळ्यांची आखणी सराईत हाताकडेच देतात, कारण मूर्ती तिथे बघायला लागते. फेकल्या जाणाऱ्या वस्तूवर मी डोळे काढत नाही.

एका फरसाणवाल्या काकांची कुलस्वामिनी सप्तशृंगी. तिच्या नावाने धंदा सुरू झाला, म्हणून पाउचवर तिचा मुखवटा हवा होता. मी गडाची सात शिखरं काढून दाखवली. ते दुखावले. "देवीला काढून डोंगर ठेवता?" त्यांची श्रद्धा माझ्यापेक्षा कमी नव्हती, बहुधा जास्तच होती. मी त्यांना रिकामा पाउच हातात देऊन विचारलं की गिऱ्हाईक हा कुठे टाकेल. ते बराच वेळ पाउच उलटसुलट करत राहिले. शेवटी पाउचवर शिखरं आली आणि देवी दुकानाच्या बोर्डावर गेली, जिथे ते रोज शटर उघडताना हात जोडतात. सगळेच असे ऐकत नाहीत. काही कामं दुसरीकडे जातात, आणि महिनाअखेरीला ते जाणवतं.

कायदा यात फारसा उपयोगी नाही. 'रामायण' हे नाव अगरबत्तीसाठी ट्रेडमार्क म्हणून कुणा एकाचं होऊ शकत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये दिला. तो प्रश्न मालकीचा होता. अगरबत्ती संपल्यावर खोक्याचं काय, हे ठरवायचं काम चित्र काढणाऱ्याचं आणि काढून घेणाऱ्याचंच आहे.

अक्षरांचं काय, असं कुणी विचारेल. 'श्री' सुद्धा पवित्रच, आणि कागदाला पाय लागला तरी आपण नमस्कार करतो. हे खरं आहे आणि माझी रेघ तिथे पातळ होते. तरी कुठेतरी ती ओढावी लागते.

तुमच्या घरी कार्य असेल तर एवढं करा. पहिली पत्रिका आपण देवापुढे ठेवतो, काही वडीलधाऱ्यांच्या हातात देतो. तेवढ्यांवर गजाननाचं चित्र छापा, हवं तितकं सुरेख. बाकीच्या पत्रिकांवर नुसतं नाव येऊ द्या. छापखान्यात दोन वेगळ्या प्लेट लागतील, खर्च थोडा वाढेल, आणि तो करण्यासारखा आहे.