पाण्याचा उतार आणि मतांचा कौल

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेला इगतपुरी, पेठ, सुरगाण्यात पाऊस कोसळतो. येवला, नांदगावकडे येईपर्यंत ढग रिते झालेले असतात. घाटमाथ्यापलीकडचे पाणी अरबी समुद्राला मिळते आणि पूर्वेचा शेतकरी विहिरीचा तळ पाहतो. या उताराने इथल्या राजकारणाला वळण दिले आहे.

या जिल्ह्याशी जोडलेल्या दोन तंत्रशिक्षितांच्या वाटा पाहा. पुण्याच्या सायन्स कॉलेजात शिकलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून रुजू झाले, ते नाशिकलाच. १९१२ मध्ये ते म्हैसूरचे दिवाण झाले. पण त्यांना नेमले महाराजांनी. मते मागायला त्यांना दारोदार जावे लागले नाही.

छगन भुजबळांची वाट नेमकी उलटी. नाशिकमध्ये १९४७ साली जन्म, भायखळ्याच्या मंडईत भाजीचा धंदा, माटुंग्याच्या व्हीजेटीआयमध्ये यंत्र अभियांत्रिकीच्या पदविकेचे शिक्षण. १९७३ मध्ये शिवसेनेचे नगरसेवक, पुढे दोनदा मुंबईचे महापौर. मंडल आयोगाच्या प्रश्नावर १९९१ मध्ये त्यांनी शिवसेना सोडली. त्यांचे राजकारण उभे राहिले ते सामाजिक न्यायाच्या मागणीवर. २००४ पासून मात्र येवल्याने त्यांना सलग पाच वेळा निवडून दिले, आणि तिथला पहिला प्रश्न पाण्याचा होता.

त्यांनी लावून धरलेली मांजरपाडा वळण योजना याच प्रश्नाचे उत्तर आहे. दिंडोरी तालुक्यात, समुद्राकडे जाणारे पाणी बोगद्यातून पुणेगाव धरणाकडे वळवायचे आणि दरसवाडीमार्गे कालव्याने येवल्यापर्यंत न्यायचे. गोदावरीच्या तुटीच्या खोऱ्यात यामुळे नव्या पाण्याची भर पडते. पाणीवाटपाच्या मेंढेगिरी समितीच्या सूत्रानुसार १५ ऑक्टोबरला मराठवाड्यातील जायकवाडी धरणाचा साठा ६५ टक्क्यांहून कमी असला, की नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडायची वेळ येते आणि नाशिक, नगर व मराठवाडा एकमेकांसमोर उभे ठाकतात. तिथे अशा प्रत्येक थेंबाचे मोल मोठे.

तरीही बोगद्याची पातळी मोजून प्रश्न संपत नाही. ज्या डोंगराळ तालुक्यांत हा पाऊस पडतो, तिथल्या आदिवासी पाड्यांवर उन्हाळ्यात बायका हंडे घेऊन पायपीट करतात. पाणी वळवण्याआधी त्यांच्या गरजेचा हिशेब व्हायला हवा. तो अभियंत्याच्या आराखड्यात आपोआप येत नाही. तो राजकारणानेच घालावा लागतो.

दुसरा हिशेब पैशाचा. भुजबळ अनेक वर्षे सार्वजनिक बांधकाम मंत्री होते. २०१६ मध्ये सक्तवसुली संचालनालयाने त्यांना आर्थिक गैरव्यवहाराच्या आरोपावरून अटक केली, २०१८ मध्ये जामीन मिळाला, २०२१ मध्ये महाराष्ट्र सदन बांधकाम प्रकरणात विशेष न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले. आरोपापासून या निकालापर्यंत इतकी वर्षे जातात, तेव्हा नेत्याचे नुकसान होते आणि जनतेच्या विश्वासाचेही. अंदाजपत्रक, निविदा, वाढीव खर्च हे सारे काम चालू असतानाच गावाला वाचता आले, तर संशयाला आणि गैरव्यवहारालाही जागा कमी उरेल.

तांत्रिक शिक्षण घेतलेला पुढारी काम तडीस नेईल, ही अपेक्षा रास्त आहे. पण ती अपुरी आहे. ज्याला आकडे कळतात, त्याच्यावर ते लोकांना समजावून सांगण्याची जबाबदारी अधिक येते. येवल्याच्या कालव्याला पाणी आले का, हे मतदार विचारतोच. ते कुणाच्या वाट्यातून आले, कितीला पडले आणि शेवटच्या चारीवरच्या शेताला मिळाले का, हेही प्रचारसभेत विचारले जायला हवे. हे प्रश्न विचारणारा मतदार घडवणे, हे धरणाइतकेच मोठे सार्वजनिक काम आहे.