आम्हाला कोणी काम दिले नाही



२५ मार्च २०२० रोजी टाळेबंदी सुरू झाली आणि आपल्या विश्रांतवाडी-धानोरी-कळस भागातील कितीतरी घरांचा पगार थांबला. चर्चची दारेही बंद. राज्यातील प्रार्थनास्थळे उघडली ती १६ नोव्हेंबरला. त्यानंतरही नोकरी गेलेला माणूस मिस्सेला आला तर मागच्या बाकावर बसे. ‘सध्या कुठे आहात?’ हा आपला साधा प्रश्न त्याला टोचत असे.

संत मत्तयच्या विसाव्या अध्यायातील द्राक्षमळ्याचा दाखला आठवा. दिवस संपायला तासभर उरला, तरी काही माणसे बाजारात उभीच होती. कोणी कामावर लावले नाही, एवढेच त्यांचे उत्तर. मालकाने त्यांना आळशी म्हटले नाही. मळ्यात धाडले आणि संध्याकाळी पूर्ण दिनार, म्हणजे दिवसभराची मजुरी दिली. तासाभराच्या पैशात घरची चूल पेटली नसती. मला मात्र त्या माणसांचेच अधिक कौतुक वाटते. दुपार टळली तरी ती जागा सोडून गेली नाहीत!

पोप फ्रान्सिस यांनी ८ डिसेंबर २०२० रोजी संत योसेफाचे वर्ष जाहीर केले. त्या पत्रात महामारीत गेलेल्या नोकऱ्यांचा उल्लेख आहे. योसेफही बाळाला घेऊन रातोरात मिसर देशी निघाला, परक्या मुलखात पुन्हा काम शोधायला.

आजही कोणी त्या बाजारात उभे असेल, तर मिस्सेनंतर मला येऊन सांगा. लाजू नका. आणि इतरांनो, पुढच्या रविवारी मागच्या बाकावर जाऊन बसा.