नंबरावर रंग चढवलास, ब्रेक उघडलाच नाहीस

बस. आणि ती तक्रार आधी बंद कर. येझदी पासिंगला नापास झाली म्हणून आठ दिवस तू गावभर सांगत फिरतोयस, की इन्स्पेक्टरला पैसे हवे होते. तो तपासणीचा कागद इकडे दे. मी वाचतो, तू ऐक. यातली एक जरी ओळ खोटी निघाली, तर तुझ्याबरोबर आरटीओत भांडायला मी स्वतः येईन.

पहिलीच ओळ: चासी नंबर वाचता येत नाही. येणार कसा? नंबरावर लांबी भरलीस, त्यावर पावडर कोटिंग चढवलंस. कागद ठेवून पेन्सिल घासली तर नुसता काळा पट्टा उमटतो. चासी रंगाला देण्याआधी नंबरावर उष्णता सोसणारी टेप लावायची, हे मी याच वर्गात, याच फळ्यावर लिहून दाखवलं होतं. त्यावर परवा फोनवर काय म्हणालास? "सर, एक ओळखीचा आहे, नंबर पुन्हा ठळक पंच करून देतो." हा शब्द माझ्यासमोर पुन्हा काढायचा नाही. चोरीच्या गाड्या अशाच पचवल्या जातात. मूळ नंबर अजून खाली आहे. रंग काढायचं केमिकल लाव, लाकडी पट्टीनं हळूहळू सोलून काढ. ग्राइंडर जवळसुद्धा आणू नकोस.

दुसरी ओळ ब्रेकची. इथं मला खरा राग आला. अरे, टू-स्ट्रोक गाडी आहे ही. थ्रॉटल सोडला की इंजिन चाकाला फारसं धरत नाही, हे तुला माहीत आहे. उतारावर सगळा भार त्या दोन ड्रमवर. आणि तू काय केलंस? ड्रम बाहेरून बफिंग करून आरशासारखा चकचकीत केलास. मी काल मागचं चाक उघडलं. लायनर काचेसारखे गुळगुळीत, बेअरिंगचं ग्रीस आत झिरपून त्यावर पसरलेलं, कॅम कोरडा ठणठणीत. ब्रेक लागेना तसतसा तू ॲडजस्टिंग नट आवळत गेलास. कॅमची दांडी काटकोनाच्या पुढे गेली की पायाचा जोर वाया जातो, ही आकृती तू परीक्षेत काढली होतीस. मार्क मिळवलेस. गाडीवर ती आकृती का आठवली नाही?

पुढे वाच. ब्रेक लाइट पेटत नाही. तू बल्ब बदललास, स्विच बदललास, शेवटी अख्खं वायरिंग नवीन टाकलंस. अर्थिंगचा बोल्ट एकदाही खोलला नाहीस. पावडर कोटिंगमधून करंट जात नाही. बोल्टखालचा रंग खरवडून पत्रा उघडा केला असता, वर थोडं व्हॅसलीन लावलं असतं, तर दहा मिनिटांत काम झालं असतं.

कोनसेट. गाडी मधल्या स्टँडवर घे, पुढचं चाक अधांतरी कर आणि हँडल सावकाश फिरव. मध्यावर आलं की अडकतं ना? इतक्या वर्षांच्या खड्ड्यांनी छर्‍यांनी रेसमध्ये घरं केलीत. वेगात हँडल थरथरतं ते यामुळे. आणि तू सांगत होतास, जुन्या गाड्या अशाच चालतात. नाही चालत. तुझे वडील ही गाडी एका हातानं सरळ धरायचे, मी पाहिलंय.

टायरवरून तू इन्स्पेक्टरशी हुज्जत घातलीस. नक्षी 0.8 मिलिमीटरच्या वर आहे, म्हणजे नियमात बसते, असं म्हणालास. नियम पाठ आहे, चांगलं आहे. आता बाजूवरचे चार आकडे वाच: 1209. म्हणजे 2009 सालचा बारावा आठवडा. नक्षी शाबूत आहे कारण गाडी गोठ्यात उभी होती. रबर वाळून लाकूड झालंय, बाजूच्या भेगांत नख जातंय. पहिल्या पावसात हा टायर रस्ता सोडेल.

सायलेन्सरमधले बॅफल काढलेस, आरसे काढलेस. दोन्ही परत बसव, त्यावर मला चर्चा नको. आणि 'क्लासिक गाडी आहे, सूट मिळायला हवी' हेही बोलू नकोस. 2021 च्या नियमांत विंटेज म्हणजे पन्नास वर्षांहून जुनी. तुझी 1988 ची. शिवाय विंटेज म्हणून नोंदलेली गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, आणि तुला तर हिच्यावरून कामाला जायचंय.

शेवटची ओळ मी दोनदा वाचली. साडी गार्ड नाही. मागे धरायची कडीही नाही. मागचं चाक मोकळं सुंदर दिसतं म्हणून तू दोन्ही कापून भंगारात दिलंस. मागे बसणाऱ्याला धरायला आधार हवा, पाय ठेवायला जागा हवी, कपडे अडकू नयेत म्हणून मागचं चाक निम्मं तरी झाकलेलं हवं, हा मोटार वाहन नियमांतला 123 वा नियम आहे. या सीटवर तुझी आई बसायची. नऊवारीत बसायची, मांडीवर तुला घेऊन. पदर चाकात जायला क्षण पुरतो. गाडी पास झाली की पहिल्यांदा तिलाच देवळात नेणार म्हणालास ना? असा नेणार होतास?

तुझ्या हातात कसब आहे. टाकीवरची सोनेरी रेघ मी बघितली, हात कुठंही कापलेला नाही. म्हणून तर इतकं बोलतोय. ज्याला येत नाही त्याच्यावर मी घसा कोरडा करत नाही.

चावी इथं टेबलावर ठेव. घरी बसनं जा. रविवारी सकाळी सात वाजता ये, जुने कपडे घालून ये, आणि येताना ब्रेक शूचा नवा जोड, कोनसेट आणि बाजारात मिळेल ते साडी गार्ड घेऊन ये. मागच्या चाकापासून सुरुवात करू.