जनावराची दया कुणाच्या नावावर?

परवा बैठकीत एक कार्यकर्ता तावातावानं बोलला, "जनावरांची दया ही सगळी बामणी थेरं. आपल्याला काय त्याचं?" टाळ्या पडल्या. मी गप्प बसलो. पण डोक्यातून गेलं नाही.

दोस्तांनो, त्याचा राग खोटा नाही. महाडच्या चवदार तळ्यावर गुरं पाणी प्यायची, आपल्या माणसांना बंदी. २० मार्च १९२७ उजाडावा लागला. जुलै २०१६ मध्ये गुजरातेत उनाजवळ मेल्या गाईचं कातडं सोलणाऱ्या पोरांना गोरक्षकांनी गाडीला बांधून मारलं. जिती असेतो माता, मेली की वढा तुम्ही!

पण म्हणून दया त्यांच्या नावावर करून टाकायची? सातबारा कुणी दिला त्यांना?

दीघनिकायात कूटदंत सुत्त आहे. बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स'मध्ये त्याचा दाखला दिलाय. कूटदंत हा मगधातला बामण. त्यानं यज्ञासाठी ७०० बैल, ७०० गोऱ्हे, ७०० कालवडी, ७०० बोकड, ७०० मेंढे खांबाशी आणलेले. (यात गोवंश किती, ती बेरीज गोभक्तांनी करावी.) यज्ञ कसा करावा हे विचारायला तो बुद्धाकडं जातो. बुद्ध त्याला एका जुन्या राजाची गोष्ट सांगतो. त्या राजाचा पुरोहित म्हणतो, चोऱ्यामाऱ्या फटक्यांनी थांबायच्या नाहीत. शेतकऱ्याला बी दे, व्यापाऱ्याला भांडवल दे, नोकराला पगार दे. मग यज्ञ होतो. त्यात गाय मरत नाही, शेळी-मेंढी, कोंबडं, डुक्कर मरत नाही. खांबासाठी झाड तुटत नाही. आणि पुढचं नीट ऐका: राबणाऱ्या दासांना काठीचा धाक नाही, डोळ्यांत पाणी नाही. ज्याला करायचं त्यानं केलं, नको त्यानं नाही केलं.

जनावर आणि राबणारा माणूस, एकाच दमात. गोरक्षकाची दया नेमकी इथंच तुटते. गाय वाचवायची, काठी हातातच ठेवायची. आणि आपला कार्यकर्ता काठीवर बोट ठेवताना शेळी विसरतो.

कुणी काय खावं हा माझा विषय नाही. त्यावर हुकूम सोडणारे पुष्कळ आहेत. मी यज्ञाबद्दल बोलतोय. १९५६ ला दीक्षा घेतली, तरी आपल्यातल्याच काही घरांतून मरीआईपुढं कोंबडं कापलं जातं. तेव्हा मात्र आपण 'जुनी माणसं आहेत, जाऊ द्या' म्हणतो. मीही म्हटलंय.

शेवटी कूटदंत ती सगळी जनावरं सोडून देतो. हिरवा चारा खाऊ दे, गार पाणी पिऊ दे, म्हणतो. इथं मला पुन्हा चवदार तळं आठवलं. आपली माणसं तिथं पाणी प्यायला गेली होती, गुरांना हाकलायला नाही.