बालकाचे कर्म आणि पालकाची फलासक्ती

तीन वर्षांचे मूल आपल्या हाताने तांब्यातून पेल्यात पाणी ओतू लागते. थोडे पाणी सांडते. आई लगबगीने पुढे होते, तांब्या काढून घेते आणि पेला भरून त्याच्या हाती देते. प्रसंग क्षुल्लक आहे, घरोघरचा आहे. परंतु प्रेमापोटी केलेल्या या साहाय्याने बालकाच्या वाट्याचे कर्म आपण हिरावून तर घेत नाही ना, हा प्रश्न मात्र क्षुल्लक नव्हे.

कोणताही जीव क्षणभरही कर्मावाचून राहू शकत नाही, असे भगवंतांनी तिसऱ्या अध्यायात सांगितले आहे. हे वचन आपण प्रौढांना लावतो. पण त्याचा ढळढळीत दाखला बालकाइतका अन्यत्र मिळणार नाही. जागे झाल्यापासून झोपेपर्यंत त्याचे हात काही ना काही करीतच असतात. त्याला आपण खोडी म्हणतो आणि 'गप्प बैस' असे बजावतो. प्राणिमात्र आपल्या प्रकृतीप्रमाणे वागतात, तेथे नुसत्या निग्रहाने काय साधणार, हा इशाराही त्याच अध्यायात आहे. बालकाची प्रकृती हाताने शिकण्याची आहे.

मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोम शहरातील गरीब वस्तीत बालगृह उघडले, ते याच जाणिवेने. त्यांच्या साधनांत लाकडी ठोकळ्यात बसविलेले दहा दट्टे असतात. प्रत्येक दट्ट्या आपल्याच खळग्यात नीट बसतो. एक जरी चुकीच्या जागी गेला, तरी पुढे कोठे तरी अडते. मग मूल स्वतःच थांबते, पाहते आणि चूक दुरुस्त करते. कोणी रागावत नाही, कोणी शाबासकीही देत नाही. आपला उद्धार आपणच करावा, या सहाव्या अध्यायातील उपदेशाचे हे जणू पहिले धूळपाटीवरचे अक्षर होय. आपल्या देशात गिजुभाई बधेका यांनी वकिली सोडून १९२० साली भावनगर येथे बालमंदिर सुरू केले आणि हाच मार्ग धरला.

आता पुन्हा त्या पेल्याकडे वळू. पेला भरल्यावर मूल ते पाणी तांब्यात परत ओतते आणि पुनः भरू लागते. पाणी मिळविणे हाच हेतू असता, तर ते पहिल्याच वेळी थांबले असते. त्याचा आनंद करण्यात आहे. याउलट आपली दृष्टी कोरड्या जमिनीवर, वाचलेल्या वेळेवर आणि शेजारच्या मुलाआधी आपल्या मुलाला अक्षरे यावीत या हव्यासावर खिळलेली असते. फलासक्ती आहे ती आपली. बालक निष्काम कर्मयोगी आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. निष्कामता विवेकाने कमवावी लागते. तथापि कर्मात रमण्याचे जे बीज त्याच्या ठायी उपजतच आहे, ते आपल्या घाईने करपू नये, एवढे तरी आपल्या हाती आहे.

हे सारे श्रीमंतांचे चोचले आहेत, असा आक्षेप घेतला जातो. त्याचे उत्तर बोर्डी गावाने दिले आहे. तेथे १९४५ साली ताराबाई मोडक यांनी अनुताई वाघ यांच्या साहाय्याने ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच बालवाडीच त्यांच्या वस्तीतील अंगणात नेली. महागड्या साधनांची जागा खडे, शिंपले, पाने आणि बिया यांनी घेतली. ज्या घरात धान्य निवडले जाते आणि कपड्यांच्या घड्या घातल्या जातात, त्या घरात बालकाच्या हातांना साधनांची वाण पडत नाही.

दुसरा आक्षेप शिस्तीचा. स्वातंत्र्य म्हणजे स्वैराचार नव्हे. विस्तव, विळी आणि विहीर यांपासून मुलाला दूर ठेवणे हे वडीलधाऱ्यांचे कर्तव्यच आहे. परंतु सांडलेले पाणी त्याने आपल्याच हाताने पुसावे, यासाठी फडके त्याच्या आवाक्यात ठेवले, तर त्यात शिस्तही आली आणि शिक्षणही आले.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानून खेळ व कृती यांना स्थान दिले आहे. ते स्वागतार्हच आहे; पण धोरण आपल्या स्वयंपाकघरात येऊन तांब्या हिसकावणारा हात धरू शकत नाही. तो संयम गृहस्थाने स्वतःच साधावयाचा आहे. सकाळच्या घाईत जमले नाही, तर सायंकाळी अर्धा तास तरी मुलाला त्याचे काम त्याच्या गतीने करू द्यावे.

भगवंतांनी अर्जुनाच्या घोड्यांचे लगाम हाती घेतले, त्याला ज्ञान सांगितले, आणि शेवटी पूर्ण विचार करून तुला योग्य वाटेल तसे कर, असे म्हटले. गांडीव मात्र त्यांनी स्वतः उचलले नाही. पालकांनी बालकाचे सारथ्य अवश्य करावे. त्याचे धनुष्य त्याच्याच हाती राहू द्यावे.