अरुंद पाटीवरचे ठळक अक्षर

ठळक, अरुंद आणि टोकांना सेरिफ (छोट्या रेघा) नसलेला टाइप मोठ्या शीर्षकांसाठी असतो. अक्षर लांबून दिसावे म्हणून त्याची उंची वाढवायची, तर जागा अपुरी असल्याने रुंदी आवळायची, हे त्यामागचे तत्त्व. एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत जाहिरातींची भित्तिपत्रके वाढली आणि लाकडी ठशांमधून अशी रोमन अक्षरे सर्वत्र पसरली. जेफ्री ली यांचा १९६५ सालचा ‘इम्पॅक्ट’ हा त्याच परंपरेतला.

रोमन कॅपिटल अक्षरे सर्व एका उंचीची असल्याने ती आवळणे तुलनेने सोपे असते. देवनागरीत हे काम का अवघड होते, हे हिंगोली जिल्ह्यातल्या गावांच्या नावांवरूनच समजते. ‘वसमत’ या नावात शिरोरेषेच्या वर किंवा अक्षराच्या खाली काहीच नाही. पाटीची सगळी उंची अक्षरांच्या वाट्याला येते. ‘हिंगोली’त अक्षरे तीनच, पण उभे दंड पाच, शिवाय वर वेलांट्या, मात्रा आणि अनुस्वार. ‘कळमनुरी’ला वर वेलांटी आणि खाली उकार, दोन्हींसाठी जागा लागते. ‘औंढा नागनाथ’मधील पहिल्या अक्षरावर दोन मात्रा आणि अनुस्वार एकत्र येतात. दंड जाड झाले की मधल्या पोकळ्या बुजतात, ‘म’ आणि ‘न’ यांच्या गाठी भरून जातात आणि अनुस्वार मात्रेला चिकटतो.

साधा ठळक फाँट संगणकावर आडवा दाबून हा प्रश्न सुटत नाही. तसे केल्यास उभे दंड बारीक होतात, शिरोरेषा मात्र पूर्वीइतकीच जाड राहते आणि शब्द वरून जड दिसू लागतो. कुशल आरेखक याच्या उलट करतो. तो दंडांचे वजन राखतो, शिरोरेषा आणि सांधे हलके करतो, गोलाई चौकोनाकडे नेतो आणि गाठींमध्ये पांढरी जागा मोकळी ठेवतो. इंडियन टाइप फाउंड्रीचे ‘खंड’ आणि ‘टेको’ हे फाँट अशा स्वतंत्र आरेखनाची उदाहरणे आहेत. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेच्या ‘अनेक’ या २०२२ सालच्या फाँट-कुटुंबात तर जाडी आणि रुंदी दोन्ही गरजेप्रमाणे बदलता येतात. हे तिन्ही मोफत उपलब्ध आहेत.

वर्तमानपत्रांचे मथळे, नाटकांच्या जाहिराती, एसटीच्या मार्गपाट्या आणि दुकानांचे फलक ही या टाइपची खरी क्षेत्रे. महाराष्ट्रात २०२२च्या कायदादुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही देवनागरी लिपीतला मराठी फलक बंधनकारक झाला आणि मराठी अक्षरे इतर लिपीपेक्षा लहान नसावीत अशी अट आली. मात्र मात्रेच्या टोकापासून उकाराच्या तळापर्यंतची उंची रोमन कॅपिटलइतकी ठेवली, तर मराठी अक्षराचा मूळ देह लहानच राहतो. अटीचा हेतू साधायचा असेल तर तुलना देहाची देहाशी व्हायला हवी. त्यासाठी लागणारी जादा उंची फलकाची रुंदी न वाढवता मिळवायची, तर चांगला अरुंद टाइप हाच व्यवहार्य मार्ग आहे.

या टाइपला मर्यादाही आहेत. सलग मजकुरात तो डोळ्यांना थकवतो, लहान आकारात जोडाक्षरे काळवंडतात आणि वेगातल्या वाहनातून वाचायच्या रस्त्यावरच्या फलकांना मोकळे, रुंद अक्षरच हवे. दोन-चार शब्द आणि मोठा आकार असेल तिथेच तो शोभतो. तिथे मात्र तो देवनागरीसाठी आखलेलाच असावा. रोमनच्या मापात कोंबलेली मराठी कायद्याची अट पुरी करते, पण वाचकाची गरज भागवत नाही.