आधी फोटो बघू या



आषाढी वारी आटोपली की महाराष्ट्रातल्या हौशी छायाचित्रकारांचं घरचं काम सुरू होतं. दिवे घाटात, सासवडच्या वाटेवर, वाखरीच्या रिंगणात काढलेल्या ढीगभर फोटोंतून चार-पाच निवडायचे आणि बरोबरीच्या मित्रांना दाखवायचे. एकमेकांचे फोटो बघायला जमण्याची ही रीत आपल्याकडे जुनी आहे. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली, तिच्या सुरुवातीच्या सभासदांत भाऊ दाजी लाडांचे बंधू नारायण दाजी होते. पेशाने डॉक्टर, म्हणजे हौशीच.

फोटो दाखवणाऱ्याच्या छातीत धडधड असते. समोरून येतं, "मस्त!", "एक नंबर!", "कॅमेरा कुठला?" नाहीतर मग, "छे, मी असतो तर असा काढलाच नसता." अशा बोलण्याने त्याच्या हाती काहीच लागत नाही, कारण दोन्ही वेळा त्याचा फोटो कुणी पाहिलेलाच नसतो.

एक फोटो डोळ्यांपुढे आणा. डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या आजी. पावसाने भिजून अंगाला चिकटलेला पदर, चेहऱ्यावर दिवसभराच्या चालीचा शीण, तरी ओठांवर हसू. त्यांच्या बरोब्बर मागे विजेचा खांब, जणू तुळशीतूनच उगवलाय. शेजारच्या वारकऱ्यांचे सदरे आणि टोप्या इतक्या पांढऱ्याफटक झाल्यात, की कापडाची एक सुरकुती दिसत नाही.

अशा वेळी पहिलं वाक्य प्रश्नाचं असावं, असं मला मनापासून वाटतं. "यात तुला काय दाखवायचं होतं?" तो म्हणाला, "आजींचं हसू," की आपल्या बोलण्याला दिशा मिळते. नजर आधी उजेडाकडे धावते. म्हणून ती सदऱ्यांवर जाते, मग खांबावर चढते आणि हसण्यापाशी उशिरा पोचते. मग सांगता येतं, की भोवती गडद रंग जास्त असले की कॅमेरा सगळंच उजळ करू बघतो; तिथे एक्स्पोजर थोडं उतरवलं असतंस तर सदऱ्यांचा पोत राहिला असता. अर्धं पाऊल बाजूला सरकला असतास तर खांब वृंदावनापासून सुटला असता. गर्दीच्या रेट्यात ते जमलं नसेल, हेही खरं. पण पुढच्या वारीत बटण दाबण्याआधी त्याची नजर एकदा मागे जाऊन येईल. नवख्याला एका वेळी एवढं पुरे.

आता चांगल्याबद्दल. तेही तितकंच नेमकं सांगायला हवं, आणि ते जास्त अवघड आहे. फ्रान्सचे थोर छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ तरुणपणी आंद्रे लोत या चित्रकाराकडे शिकले होते. फोटो पारखताना कार्तिए-ब्रेसाँ तो उलटा धरून बघत. माणसं डोक्यावर उभी राहिली की चेहऱ्यांची माया बाजूला पडते आणि उजेड-सावलीची मांडणी तेवढी उरते. मित्राचा फोटो असा बघा. (मोबाइलवर बघणार असाल तर आधी स्क्रीनचं आपोआप फिरणं बंद करा.) आजींचा फोटो उलटा केल्यावर कदाचित दिसेल, की टाळ धरलेल्या तीन हातांची एक तिरकी रेघ थेट त्यांच्या चेहऱ्यापाशी जाते. ती काढणाऱ्यालाही ठाऊक नसेल. हात आपोआप तिथे थांबला असेल. ती रेघ त्याला बोट ठेवून दाखवा. "अप्रतिम" म्हणण्यापेक्षा त्याला ते कितीतरी उपयोगाचं आहे, कारण पुढच्या वेळी तो ती मुद्दाम शोधेल.

आणि काढलेला फोटो म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. अमेरिकेच्या अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांनी १९४१ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावरचा चंद्रोदय टिपला. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आकाशात ढगांचे फिकट पट्टे दिसतात. पुढची कित्येक वर्षं ते त्याच निगेटिव्हचे प्रिंट काढत राहिले आणि आकाश गडद करत नेत जवळजवळ काळं केलं. एवढा मोठा माणूस स्वतःच्या फोटोकडे पुन्हा पुन्हा नव्याने बघत होता. मग आपल्या मित्राला एका संध्याकाळी निकाल ऐकवून मोकळं होण्याची घाई आपल्याला कशाला? त्याला म्हणावं, "हाच फोटो जरा गडद करून, वरून थोडा कापून आण. पुन्हा बघू."

कधी तो आपलं सगळं ऐकून घेईल आणि म्हणेल, "खांब मला हवाय. आजी आजच्या रस्त्यावरून चालल्यात, तारा आणि खांब या वाटेवर आहेतच." तसं असेल तर आपण सुचवलेलं बाजूला ठेवायचं आणि त्या खांबासकट फोटो पुन्हा पहिल्यापासून बघायचा. कदाचित मग खांब पुरेसा ठळक नाही, असंही आपल्याला वाटेल. तेही त्याला सांगायचं.